प्रामाणिक माणसाकडे हिशोब मागायचा का? एका जमातीच्या बैतुलमालचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातलं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. व्यवहार आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे. ट्रस्टांचे हिशोब लावून देणं हा माझा व्यवसाय, आणि जमातीच्या (गावच्या मुस्लिम समाजाच्या संघटनेच्या) सेक्रेटरींनी मला बोलावलं ते प्रकरण पेटल्यावर, कागद बघायला.

कोकणात मशीद, कबरस्तान, शाळा असं सगळं गावची जमात सांभाळते. घरटी एखादा माणूस कुवेतला नाहीतर दुबईला, काही घरं पिढ्यान्‌पिढ्या केपटाउनला. त्यामुळे गावात राहणारे थोडे आणि गावासाठी पैसे पाठवणारे फार, अशी स्थिती. या जमातीचं एक वसतिगृह होतं, वरच्या वाड्यांमधून शाळेला येणाऱ्या मुलांसाठी. शिवाय बैतुलमाल, म्हणजे गरिबांसाठीचा सामुदायिक निधी. त्यातून चौतीस घरांना दरमहा दोन हजार रुपयांचं राशन जायचं. बहुतेक घरं विधवांची, दोन-तीन अंथरुणाला खिळलेल्यांची.

येणारे पैसे मुख्यतः दोन प्रकारचे असतात: जकात, म्हणजे दरवर्षी द्यावंच लागणारं दान, आणि लिल्लाह, म्हणजे अल्लाहसाठी खुशीने दिलेली देणगी. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. जकातीचे हक्कदार कुराणाच्या नवव्या सूरेतल्या (अध्यायातल्या) साठाव्या आयतीत मोजून आठ सांगितले आहेत: गरीब, गरजू, कर्जात बुडालेले, वगैरे. इमारत त्या यादीत नाही. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई धर्मशास्त्र-परंपरेचे, घाटावरचे हनफी. पण जकातीतून भिंती उभ्या करायच्या नाहीत, यावर दोन्हीकडचं परंपरागत मत एकच. लिल्लाह म्हणून दिलेल्या देणगीला असं बंधन नाही, ती बांधकामालाही चालते.

व्यवस्थापक अठ्ठावन्न वर्षांचे. कुवेतमध्ये एका कंपनीचं स्टोअर सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेली, मग गावी परतले. सगळे त्यांना भाई म्हणत, इथेही तेच म्हणतो. फज्रच्या (पहाटेच्या) नमाजला पहिल्या रांगेत, तिथून थेट वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. तांदळाचं पोतं आलं की टाका उसवून मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, खडा बघायचा, वास घ्यायचा, मगच पोतं आत. मुलांना कालवण कमी पडलं तर घरून टोप येई. मानधन सहा हजार, तेही अनेकदा दोन महिने थकलेलं.

नेमणूक झाली ती अशी: जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) नमाजनंतर अध्यक्षांनी नाव पुकारलं, लोकांनी हात वर केले. नेमणूकपत्र नाही. कोणता खर्च स्वतःच्या अधिकारात करायचा आणि कोणता विचारून, हे कुठे लिहिलेलं नाही. चेकवर दोन सह्या लागत, भाईंची आणि अध्यक्षांची. अध्यक्ष मुंबईला राहायचे. ते महिन्यातून एकदा येऊन कोऱ्या चेकांवर सह्या करून जायचे.

काय घडलं

वसतिगृहाच्या पहिल्या मजल्याचं काम चालू होतं. त्या वर्षी रमजान उन्हाळ्यात आला. जकात जमली होती आणि ती वर्षभर राशनला पुरवायची होती. इकडे स्लॅब मिरगाच्या आत पडायला हवा होता, कारण कोकणात एकदा पाऊस लागला की उघड्यावरचं बांधकाम दिवाळीपर्यंत तसंच पडून राहतं. ठेकेदार म्हणाला, दोन लाख कमी पडतायत, दिलेत तर या आठवड्यात स्लॅब टाकतो. लिल्लाहच्या खात्यात खडखडाट; दुबईकरांनी कबूल केलेले पैसे यायचे होते. भाईंनी जकातीच्या पैशांतून दोन लाखांचा चेक फाडला. अध्यक्षांची सही तयार होतीच.

ते रजिस्टर मी पाहिलं आहे. जाड पुठ्ठ्याचं, लांबट, चार रकाने आखलेलं, निळ्या शाईतले आकडे छापल्यासारखे. त्या पानावर मात्र रकान्यांच्या बाहेर, समासात, पेन्सिलीने लिहिलेलं: ‘स्लॅबला उसने’. तारीख नाही, रक्कम नाही.

दुबईचे पैसे सप्टेंबरात आले आणि दोन लाख जकातीच्या खात्यात परत गेले. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. पण जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत चौतीस घरांना राशन गेलं नव्हतं. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बोटीवर जाणारा मुलगा घरी बसतो, मासळी निवडायला जाणारी बाई घरी बसते, लावणीची मजुरी मिळाली तर चार दिवस. वर्षात राशन सर्वांत जास्त लागतं ते याच तीन महिन्यांत. सप्टेंबरपासून ते पुन्हा सुरू झालं, मागची बाकी कुणी काढली नाही. राशन घेणारी बाई व्यवस्थापकाला जाब विचारत नाही. पुढच्या महिन्याचं नाव कटेल ही भीती तिला पुरते.

प्रकरण बाहेर आलं ते भलत्याच वाटेने. हिवाळ्यात ठेकेदार कुटुंबासह उमऱ्याला (हजपेक्षा लहान मक्केच्या यात्रेला) निघाला आणि भाई-भाभींना सोबत घेऊन गेला. खर्च सगळा त्याचा, दोघांचे मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास. मक्केतला फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला: यात्रेच्या इहराम वेशातले दोघे, मागे घड्याळाचा मनोरा. खाली कुवेतहून एकाने लिहिलं, ‘माशाअल्लाह. तिकीट कोणी काढलं?’ रात्रीपर्यंत शंभरावर मेसेज पडले होते, आणि त्यातल्या काहींत ‘चोर’ हा शब्द होता. मुंब्र्याला राहणारा, सीएची परीक्षा देत असलेला गावातला एक मुलगा सुट्टीत आला, त्याने सेक्रेटरींकडून रजिस्टर मागून घेतलं आणि पेन्सिलीची ती नोंद त्याच्या नजरेस पडली.

सभेतला पेच

सभा मशिदीशेजारच्या जमातखान्यात भरली. भाई उभे राहिले आणि म्हणाले, ‘एक पैसा खाल्ला असेन तर अल्ला मला बघून घेईल. माझा हिशोब त्याच्याकडे. तुम्ही कोण मागणारे?’

निम्म्या सभेच्या माना डोलल्या. हे वाक्य अशा संस्थांमध्ये मी अनेकदा ऐकलं आहे. देव बदलतो, वाक्य तेच राहतं. ते ऐकल्यावर पुढे विचारणारा आपोआप अश्रद्ध ठरतो.

मौलाना तरुण होते, वर्षभरापूर्वीच गावात आलेले. त्यांनी आधी वाद घातला नाही, एक प्रश्न विचारला.

‘भाई, कुवेतला तुमच्या स्टोअरमध्ये वर्षाच्या शेवटी माल मोजायला कोणी यायचं?’

‘यायचे ना. ऑडिटवाले.’

‘तुमच्यावर संशय होता म्हणून?’

‘संशय कशाला? माल कंपनीचा होता.’

‘मग हा कोणाचा आहे?’

त्यानंतर त्यांनी साद बिन अबी वक्कास यांची हकिकत सांगितली, आणि माझ्या मते सभेचा नूर तिथे बदलला. साद म्हणजे पैगंबरांचे (स.) निकटचे सोबती, कादिसियाची लढाई जिंकणारे सेनापती, इराकमधलं कूफा शहर वसवणारे सुभेदार. कूफ्याच्या लोकांनी त्यांच्याविरुद्ध खलिफा उमर यांच्याकडे तक्रारी केल्या. त्यात एक अशीही, की ते नमाजसुद्धा नीट पढवत नाहीत. उमरांनी त्यांना पदावरून दूर केलं आणि बोलावून विचारलं. साद म्हणाले, पैगंबर पढवत तशीच पढवतो. उमर म्हणाले, तुमच्याबद्दल माझा समज हाच होता. आणि एवढा विश्वास बोलून दाखवूनही त्यांनी कूफ्याला माणसं धाडली, जी मशिदीमशिदीत जाऊन लोकांना विचारत फिरली. सगळ्यांनी सादांची तारीफ केली. बनू अब्स टोळीच्या मशिदीत मात्र एकजण उठला आणि म्हणाला, विचारताच आहात तर सांगतो: वाटप समान करत नाहीत, न्याय नीट करत नाहीत, फौजेबरोबर जात नाहीत. बुखारीच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या आणि सोबत्यांच्या नोंदवलेल्या वचनांच्या आणि हकिकतींच्या संग्रहात, हे सगळं आहे. पुढे मृत्युशय्येवर उमरांनी उत्तराधिकारी निवडण्यासाठी सहा जणांची नावं घेतली, त्यात साद होते. त्या वेळी त्यांनी स्पष्ट सांगितलं, की मी त्यांना काढलं ते नालायकीमुळे किंवा बेइमानीमुळे नव्हे.

विश्वास आहे आणि चौकशीही आहे. पदावरून दूर केलं आहे आणि इज्जत शाबूत आहे. भाईंना आणि त्यांच्या विरोधकांना, दोघांनाही ही शक्यता तोवर सुचलीच नव्हती. एका बाजूला चौकशी म्हणजे चोरीचा आरोप वाटत होता, दुसऱ्या बाजूला चोरी झाली नसेल तर चौकशीला अर्थ नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पडदा टाकण्याचा. त्याला धर्माचा आधार नव्हता असं नाही: जो मुसलमानाचं उणं झाकतो त्याचं उणं अल्लाह झाकेल, ही हदीस गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ होती. एका बुजुर्गांनी ती सभेत म्हणून दाखवली. मौलानांचं म्हणणं असं, की माणसाचं खाजगी उणं झाकणं वेगळं आणि चौतीस घरांच्या हक्काचे पैसे कुठे होते हे झाकणं वेगळं. दुसऱ्यात झाकणारा आपल्या खिशातलं काही देत नाही, विधवेच्या ताटातलं देतो.

दुसरा पर्याय, ताबडतोब काढून टाकण्याचा. परदेशातल्या ग्रुपची हीच मागणी होती, पैसे तेच पाठवत असल्याने आवाजही त्यांचाच मोठा. पण चौकशीआधी काढलं असतं तर गावात ‘चोर’ हाच शब्द कायम राहिला असता.

तिसरा, धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार. वसतिगृह चालवणारी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली होती, त्यामुळे हा रस्ता खुला होता. मी सेक्रेटरींना सांगितलं की तो बंद करू नका, पण अपहार दिसला तरच तिथे जा. ज्याने पैसे खाल्लेच नाहीत त्याच्यामागे वर्षानुवर्षांच्या तारखा लावून चौतीस घरांचं राशन वेळेवर जाणार नव्हतं.

चौथा पर्याय म्हणजे कूफ्याचा रस्ता: आधी घरोघर विचारा, कागद बघा, मग ठरवा. सभेने तो घेतला. चौकशी होईपर्यंत भाईंनी आर्थिक व्यवहारातून बाजूला व्हायचं, वसतिगृह बघत राहायचं.

चौकशी

दोघांची समिती नेमली, सीएची परीक्षा देणाऱ्या त्या मुलाची आणि एका निवृत्त पोस्टमास्तरांची. रजिस्टरं भाईंच्या घरच्या कपाटात, किल्ली भाभींकडे. ती जमातखान्यात आणून ठेवायला भाई आधी तयार नव्हते. सादांच्याच बाबतीत आणखी एक गोष्ट इतिहासकार सांगतात: त्यांनी कूफ्यातल्या वाड्याला दरवाजा बसवला, लोकांना आत जाता येईना, तेव्हा उमरांनी माणूस पाठवून तो दरवाजा जाळायला लावला. मौलानांनी ती भाईंना सांगितली की नाही मला माहीत नाही. रजिस्टरं दोन दिवसांनी आली.

घरोघर फिरण्यात पहिल्या फेरीला जवळपास काहीच हाती लागलं नाही. दोन पुरुष दारात उभे, वही उघडलेली. बाया म्हणायच्या, ‘भाई चांगले आहेत, काही तक्रार नाही.’ मग गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेला, सगळ्यांच्या आपांना, सोबत घेतलं. आपा वहीबिही न नेता चुलीपाशी जाऊन बसायच्या. तेव्हा कळलं की जुलैत विचारायला गेलेल्या तिघींना ‘बघू’ असं उत्तर मिळालं होतं, आणि चौथीने विचारायचंच सोडलं होतं. एकीने कानातलं सोनं पतपेढीत गहाण ठेवून घरातल्या आजारपणाचा खर्च भागवला होता. व्याज अजून चालू होतं. जकातीला उशीर झाल्यामुळे जकातीच्या हक्कदाराला व्याजाच्या दारात जावं लागलं, ही गोष्ट सभेतल्या सगळ्यांना पेन्सिलीच्या नोंदीपेक्षा जास्त लागली.

कागदांवरून निघालं ते असं. अपहार नाही. पावत्या आणि बँकेचे आकडे जुळतात. ठेकेदाराचं बिल बाजारभावाच्या फार वर नाही, पण दुसऱ्या कुणाचं कोटेशन कधी मागवलेलंच नाही. जकातीतून इमारतीला दिलेली उसनवार कुणाच्याही परवानगीशिवाय. कुराणातली सर्वांत लांब आयत, दुसऱ्या सूरेतली २८२वी, उधारीचा कागद करण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, असं तीत बजावलं आहे. समासातली पेन्सिल त्या कसोटीला उतरणारी नव्हती.

निर्णयाचे क्षण

*उमऱ्याचं काय?* भाई म्हणत, ठेकेदार आमच्या घरातलाच, भाभींचा लांबचा भाऊ. त्याने प्रेमाने नेलं, बिल तर आधीच चुकतं झालं होतं. लाच कशी?

इथे मौलानांनी इब्नुल लुतबिय्या याची हदीस काढली. पैगंबरांनी त्याला सदका (इथे जकात) गोळा करायला पाठवलं होतं. परत आल्यावर तो म्हणाला, हे तुमचं आणि हे मला भेट मिळालेलं. पैगंबर मिंबरवर (मशिदीतल्या व्यासपीठावर) उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही नेमलेला माणूस येऊन असं कसं म्हणतो? आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती का? या कसोटीत हेतूला जागाच नाही. लाच दिली की प्रेम दिलं, हे कुणाच्या मनात शिरून बघावं लागत नाही. पद काढून घ्या, आणि भेट उरते का बघा.

भाई कुवेतहून परतल्यापासून ठेकेदार त्याच मोहल्ल्यात राहत होता. त्याच्या कुटुंबाचा आधीही एक उमरा झाला होता, तेव्हा भाईंना बोलावणं नव्हतं. भाई गप्प झाले. मी त्या बैठकीत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हिशोब चुकल्यावर स्टोअरकीपर जसा पुन्हा मोजतो तसे ते मनात काहीतरी मोजत होते.

पैसे परत करायचे ठरले, पण कुणाला? अशी भेट देणाऱ्याला परत जावी की सार्वजनिक खजिन्यात, यावर फकीहांमध्ये (धर्मशास्त्र्यांमध्ये) मतभेद आहेत. समितीने आधी ठेकेदाराला द्यायचं ठरवलं. तो घेईना, म्हणाला, सवाब (पुण्य) विकत नाही. मग रक्कम हप्त्यांनी लिल्लाहच्या खात्यात भरायची ठरली. भाभींचा प्रश्न वेगळाच होता. त्यांनी मौलानांना पडद्याआडून विचारलं, ‘माझा उमरा झाला की नाही?’ मौलाना म्हणाले, शाफई मताप्रमाणे अरकान (आवश्यक विधी) पुरे केले तर उमरा झाला. पैशाचा गुन्हा असेल तर तो स्वतंत्र मोजला जाईल. भाभींनी आपल्या वाट्याचे पैसे हप्ता न करता भरले.

*देणाऱ्यांना सांगायचं का?* यावर सर्वांत जास्त भांडण झालं. खजिनदारांचं म्हणणं, पैसे खात्यात परत आलेत, आता कुवेतवाल्यांना कळवून पुढच्या रमजानची जकात का गमवायची? मौलानांच्या मते इथली कमिटी म्हणजे सरकारी आमिल (जकात वसूल करणारा अधिकारी) नव्हे, देणाऱ्यांची वकील, म्हणजे प्रतिनिधी. हक्कदाराच्या हातात पडेपर्यंत देणाऱ्याच्या डोक्यावरचा भार उतरत नाही. आपली जकात तीन महिने स्लॅबमध्ये होती हे कळण्याचा हक्क त्यांना आहे. शेवटी एक पानभर पत्र गेलं, आकड्यांसह, भाईंच्या नावाशिवाय. नाव गाळण्याचा आग्रह आपांचा. मिंबरवरच्या त्या खुतब्यातही (प्रवचनातही) पैगंबरांनी माणसाचं नाव घेतलं नव्हतं, एवढंच त्या म्हणाल्या.

*भाईंना ठेवायचं की काढायचं?* कुराणात मिद्‌यनच्या म्हाताऱ्याची मुलगी पैगंबर मूसांना कामावर ठेवण्याची शिफारस करते, तेव्हा दोन गुण सांगते, बलवान आणि विश्वासू. चौदाव्या शतकातले विद्वान इब्न तैमिया यांनी यावर लिहिताना कबूल केलं आहे की हे दोन्ही एका माणसात क्वचितच सापडतात; म्हणून काम बघून माणूस निवडावा. भाईंकडे दुसरा गुण भरभरून होता. पहिला होता तो कोठारापुरता, फंडांच्या हिशोबाचा नव्हता. पैगंबरांचे सोबती अबू जर गिफारींनी पद मागितलं तेव्हा पैगंबर त्यांना म्हणाले होते, तू दुबळा आहेस आणि ही अमानत (विश्वासाने सोपवलेली ठेव) आहे. अबू जरसारख्या सच्च्या माणसाला हे ऐकावं लागलं, तर भाईंना ऐकायला लागण्यात कमीपणा नव्हता.

मी कामाच्या वाटणीचा मसुदा करून दिला: वसतिगृह आणि कोठार भाईंकडे, बैतुलमालचा हिशोब त्या मुलाने लावून दिलेल्या पद्धतीने पोस्टमास्तरांकडे, जकात आणि लिल्लाह वेगवेगळ्या बँक खात्यांत, पन्नास हजारांवरच्या कामाला तीन कोटेशनं, दर तीन महिन्यांनी आकडे जमातखान्याच्या फळ्यावर. मानधनाचा मुद्दा मी लावून धरला. अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे: ज्याला आम्ही काम दिलं आणि त्याचा मोबदला ठरवून दिला, त्याने त्यावर काही घेतलं तर ती खयानत (विश्वासघात). लोक हिचा शेवटच ऐकवतात. मोबदला ठरवून देणं ही नेमणाऱ्याची बाजू आहे, आणि सहा हजारांत, तेही थकवून, ती पाळली गेली नव्हती. जकातीच्या आठ हक्कदारांत ती गोळा करणाऱ्या कामगारांचं नाव आहे, म्हणजे या कामाला पगार हवा हे कुराणालाच मान्य आहे. मानधन बारा हजारांवर गेलं.

परिणाम

तीन महिन्यांची थकलेली रक्कम चौतीस घरांना एकदम दिली गेली; आपा आणि आणखी दोघी घरोघर गेल्या. गहाण ठेवलेलं कानातलं सोडवलं, त्याचं व्याज लिल्लाहमधून भरलं. पुढच्या पावसाळ्यात राशन जूनच्या पहिल्या आठवड्यात, मिरगाच्या आधी पोहोचलं.

पत्र मिळाल्यावर काही देणाऱ्यांनी जकात थेट नातलगांना द्यायला सुरुवात केली आणि त्या रमजानला रक्कम कमी आली. त्याच्या पुढच्या वर्षी त्यातले बरेचसे परतले. ज्याने ‘तिकीट कोणी काढलं’ विचारलं होतं, तो दर तिमाहीला फळ्याचा फोटो मागवतो.

भाईंनी सभेनंतर राजीनामा दिला होता. तीन आठवडे ते वसतिगृहात फिरकले नाहीत; मुलांच्या भातात खडे निघायला लागले तेव्हा स्वयंपाकीणच त्यांना बोलावून घेऊन आली. आता ते कोठार बघतात. रजिस्टरला हात लावत नाहीत, आणि त्या मुलाशी बोलतही नाहीत. हप्ते चालू आहेत.

ठेकेदाराने दुसऱ्या मजल्यासाठी कोटेशन भरलं होतं. तिघांत त्याचा दर दुसरा आला. काम त्याला मिळालं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

नेमणूकपत्र. एका पानाचं असतं तरी मे महिन्यात भाईंना कळलं असतं की जकातीला हात लावायचा तर कमिटीला विचारावं लागेल. स्लॅब थांबला असता, मुलं एक वर्ष दाटीवाटीने राहिली असती. ते नुकसान सगळ्यांना दिसणारं होतं, त्यामुळे सहज निभावलं असतं.

चौकशीत पहिल्या दिवसापासून बाई हवी होती. राशन घेणारी जवळपास सगळी घरं बायांची आणि विचारणारे दोघे पुरुष, हे कुणाला खटकलं नाही. आपा गेल्या नसत्या तर अहवालात ‘तक्रार नाही’ असं आलं असतं आणि आम्ही सगळे समाधानाने घरी गेलो असतो.

व्हॉट्सॲपवरच्या ‘चोर’बद्दल कुणीही माफी मागितली नाही. समितीने अहवालात ‘अपहार आढळला नाही’ असं लिहिलं आणि मौलानांनी जुम्म्याला ते वाचून दाखवलं. तेवढ्यावर भागवलं गेलं. ज्यांनी शब्द लिहिला त्यांनी तिथेच तो मागे घ्यायला हवा होता, आणि कमिटीने तसं लेखी सांगायला हवं होतं.

सर्वांत कच्चा राहिलेला दुवा अध्यक्षांचा. तुमच्यातला प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाबद्दल विचारलं जाईल, ही हदीस या प्रकरणात भाईंना उद्देशून पुष्कळदा म्हटली गेली. पण ती सुरू होते सत्तेवर बसलेल्यापासून. मालकाचा माल सांभाळणारा नोकर तीत शेवटी येतो. उमरांनी एकदा सोबत्यांना विचारलं होतं, तुमच्यावर मला माहीत असलेला सर्वांत चांगला माणूस नेमला आणि त्याला न्यायाने वाग म्हणून सांगितलं, तर माझं कर्तव्य झालं का? लोक म्हणाले, झालं. उमर म्हणाले, नाही. सांगितल्याप्रमाणे तो वागतो की नाही हे मी बघेपर्यंत नाही. इथे अध्यक्षांनी नाव पुकारलं, कोऱ्या चेकांवर सह्या केल्या आणि मुंबईची गाडी धरली. दोन लाखांच्या त्या चेकवर त्यांचीही सही आहे. मी माझ्या टिपणात हे लिहिलं होतं. सभेच्या इतिवृत्तात भाईंबद्दल अडीच पानं आहेत. कोऱ्या चेकांचा विषय त्यानंतरच्या एकाही विषयपत्रिकेवर आलेला नाही.